पुलावर पाणी, घरात आपण

आषाढ-श्रावणात सुधागड तालुक्यात एखादा शनिवार-रविवार असा येतोच, की सरसगड ढगांत दिसेनासा होतो, आंबा नदी पात्र सोडून पसरते, पुलावर पाणी चढते आणि रस्ता बंद होतो. थंड मुलखात बर्फ माणसांना घरात कोंडते. आपल्याकडे ते काम पाऊस करतो. शाळा बंद, एस.टी. बंद, वीज येऊन-जाऊन. मग घरोघरी दोन कामे निघतात : स्वयंपाक आणि आवराआवर. एकीकडे कुळथाचे पिठले रटरटत असते, तव्यावर तांदळाची भाकरी फुगत असते, तर दुसरीकडे माळ्यावरची भांडी खाली येतात आणि दमट गाद्या उलगडल्या जातात. सगळे घर एका छपराखाली, कोणालाही कुठे जायचे नाही. हे सुख आपण अवश्य भोगावे.

मात्र वाचकहो, पूर ओसरल्यानंतरचे दिवस आम्हा डॉक्टरांना चांगलेच परिचयाचे आहेत. जुलाब, ताप, दम्याची धाप, मोडलेले मनगट आणि महिना-दीड महिन्याने येणारी कावीळ. यांतील कित्येक दुखण्यांचे मूळ त्या बंद दोन दिवसांतच असते, आणि तेही घरात. पूल बंद असताना आपण डॉक्टरांपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून त्या काळात चूल आणि झाडू हीच घरातील मुख्य औषधे ठरतात. ती कशी वापरावीत, हे आज पाहू.

स्वयंपाकाची सुरुवात पाण्यापासून होते. मुसळधार पावसात विहीर, बोअरवेल आणि नळ या तिन्हींचे पाणी गढूळ होऊ शकते. ते चौपदरी स्वच्छ कापडातून गाळावे. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, परंतु पाणी निर्जंतुक होत नाही. गाळलेल्या पाण्याला खळखळून उकळी फुटली, की ते आणखी एक मिनिट उकळू द्यावे आणि त्याच भांड्यात झाकून ठेवावे. उकळलेले पाणी हंड्यात ओतून त्यात हात बुडवला, तर सारे श्रम वाया गेले असे समजावे.

पावसाळ्यात सकाळचा भात रात्री फोडणीला टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. भातात एका जातीच्या जंतूंचे बीजाणू असतात. ते शिजवण्यानेही मरत नाहीत. भात उबेला पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून भात लागेल तेवढाच शिजवावा आणि दोन तासांच्या आत संपवावा किंवा फ्रीजमध्ये ठेवावा. वीज गेल्यावर फ्रीजचे दार न उघडल्यास आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. त्यापुढे दूध, मासे आणि शिजवलेले पदार्थ यांचा मोह धरू नये. अशा दिवसांसाठी मऊ भात आणि मेतकूट, नाचणीची भाकरी, वालाचे बिरडे हे ताजे आणि साधे जेवणच उत्तम.

डबे आवरताना शेंगदाणे, सुके खोबरे आणि मिरच्या हातात घेऊन नीट पाहाव्यात. बुरशी आलेला दाणा कडवट लागतो. अशा दाण्यांत यकृताला घातक असे विष असू शकते आणि ते भाजण्याने पुरते जात नाही. चार दाणे निवडून बाकीचे वापरण्यापेक्षा तो डबाच टाकून द्यावा. काटकसर हा गुण खरा, पण येथे तो महागात पडतो.

आता स्वच्छतेकडे वळू. अंगणातला किंवा पडवीतला चिखल काढताना पायांत गमबूट आणि हातांत रबरी मोजे असावेत. कोठे जखम असल्यास ती जलरोधक पट्टीने झाकावी. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात आणि चिखलात उतरतात आणि कापलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. माळ्यावर उंदरांच्या लेंड्या आढळल्यास त्या कोरड्या झाडू नयेत. आधी जंतुनाशक पाणी शिंपडावे आणि मग ओल्या फडक्याने टिपून घ्याव्यात.

फरशीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी चिखल काढावा, मग साबणाच्या पाण्याने धुवावे आणि शेवटी ब्लीचिंग पावडरचे पाणी फिरवावे. चिखलावरच पावडर टाकली, तर तिची शक्ती चिखलातच खर्च होते. आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावी : ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो काही क्षणांत श्वास कोंडतो. दमेकऱ्याच्या तर जिवावरच बेततो.

याहून गंभीर धोका उबेत दडलेला आहे. कपडे वाळत नाहीत, बाळाची दुपटी ओली राहतात, म्हणून निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणली जाते. कोकणात बाळंतिणीच्या खाटेखाली शेकशेगडी ठेवण्याची जुनी रीत आहे. पाऊस आत येतो म्हणून दारे-खिडक्या लावल्या, की कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपेतच माणूस दगावतो. हिमवादळात अडकलेल्या घरांतही असे मृत्यू याच कारणाने होतात. बाळ-बाळंतिणीच्या खोलीत जळती शेगडी ठेवूच नये. ऊब हवी असल्यास कोरडे लोकरी कपडे आणि आईची कूस पुरेशी आहे. एकाच खोलीतील अनेकांचे एकदम डोके दुखू लागले, तर सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे.

या सगळ्या कामाचा भार कोणावर पडतो, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे. घरात माणसे दुप्पट वेळ असतात, चहा चार वेळा होतो, भजी तळली जातात आणि एकच स्त्री दिवसभर ओट्याशी, न्हाणीत आणि पोछ्यावर वाकलेली असते. सुटी बाकीच्यांची, कष्ट तिचे. पाणी उकळणे, भांडी घासणे, चिखल उपसणे ही कामे पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घ्यावीत. वृद्धांच्या वाटेवरची ओली फरशी लगेच पुसावी. घसरून खुब्याचे हाड मोडले आणि पूल बंद असला, तर पुढचा प्रसंग कल्पनेनेही नकोसा वाटतो.

म्हणूनच काही गोष्टी पूल उघडा असतानाच उरकाव्यात. मधुमेह, रक्तदाब आणि फेफरे यांची औषधे पंधरा दिवस पुरतील इतकी घरात ठेवावीत. दिवस भरत आलेल्या गर्भवतीला रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे आधीच पोहोचवावे. जलसंजीवनीची पाकिटे आणून ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. आणि पाणी उंबऱ्याशी आले, तर आवराआवर तेथेच सोडून उंच जागा गाठावी. जुलै १९८९ मध्ये याच आंबा नदीने जांभूळपाड्यात अनेकांचे प्राण घेतले. भांडी पुन्हा घेता येतात.

शेवटी एक छोटेसे काम. ज्या दिवशी घरातले कोणी पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून चालले असेल, ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. लेप्टोचा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांत येतो, कधी महिनाभरानेही. ताप, पोटऱ्यांचे तीव्र दुखणे किंवा डोळ्यांची लाली दिसली, तर अंगावर न काढता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि ती तारीख न विचारता सांगावी. वेळेवर सुरू झालेले साधे प्रतिजैविक येथे जीव वाचवू शकते.