कपाटाखालची केबल

आमच्या कचेरींत पांच संगणक केबलीनें स्विचच्या एका पेटीस जोडलेले आहेत. मासिकाचीं चित्रें व पानें त्यांपैकीं एका मोठ्या संगणकावर सांठविलेलीं असतात. दिवाळीनंतर नव्या कारकुनाच्या जागेवरून एकेक चित्र उघडावयास इतका वेळ लागूं लागला, कीं आम्हीं त्या बिचाऱ्यासच दोनदां बोल लावला; शिवाय अधिक वेगाचें, म्हणजे अधिक दामाचें, इंटरनेट घेण्याच्या गोष्टी सुरू केल्या.

परंतु चित्रें येत होतीं तीं घरच्याच संगणकावरून; तेथें बाहेरचें इंटरनेट दुप्पट करून काय होणार? ही साधी गोष्ट उशिरां ध्यानांत आली. मग एकच मोठी फाईल दोन जागीं उतरवून पाहिली. शेजारच्या जागीं ती झटकन् उतरली, येथें रखडली. जोडणीचा वेग पाहतां तो १००० ऐवजीं १०० मेगाबिट! या केबलींत आठ बारीक तारा, दोन-दोनांस पीळ घातलेल्या, अशा चार जोड्या असतात. हजारास चारहि जोड्या लागतात, शंभरास दोन पुरतात. म्हणून उरलेल्या दोहोंतील एखादी तार तुटली, तर पुष्कळदां जोडणी बंद न पडतां निमूटपणें मंद होते. फसगत होते ती येथेंच.

दुसरी केबल लावतांच वेग परत आला. जुनी ओढूं गेलों, तों ती दिवाळीच्या सफाईंत सरकविलेल्या कपाटाच्या पायाखालीं चेपलेली! (सफाई आमच्याच हुकुमानें झाली होती.) कारकुनाजवळ दिलगिरी व्यक्त केली, तेव्हां तो म्हणाला, “साहेब, कपाट हललें तेव्हांपासून असें होतें, हें मीं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें.”