एकट्याच्या डाएटनं गाव सडपातळ होत नाही

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनला लागून सॉमरव्हिल नावाचं दाटीवाटीचं कष्टकरी शहर आहे. ब्राझील, हैती, एल साल्व्हाडोर अशा देशांतून आलेली अनेक कुटुंबं तिथे राहतात. टफ्ट्स विद्यापीठाच्या क्रिस्टिना इकॉनोमोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी एक साधा हिशोब मांडला. मुलांचं वजन गरजेपेक्षा जास्त वाढतं, ते रोज थोड्या थोड्या उरणाऱ्या कॅलरींमुळे. मग दिवसाला १२५ कॅलरींपर्यंतची ही शिल्लक मोडून काढायची. आपल्या भाषेत सांगायचं तर साधारण एका पोळीइतकी ऊर्जा.

त्यासाठी मुलांना ना उपाशी ठेवलं, ना वजनावरून बोल लावले. शाळेच्या जेवणात फळं आणि भाज्या वाढवल्या, जेवण बनवणाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. वर्गात आणि शाळा सुटल्यावरच्या उपक्रमांत मुलं पदार्थ चाखत आहार शिकली. शाळेत चालत येता यावं म्हणून सुरक्षित वाटा आखल्या, रस्ता ओलांडायचे पट्टे नव्यानं रंगवले. उपाहारगृहांनी लहान आकाराच्या थाळ्या आणि भाज्यांचे पर्याय ठेवले. डॉक्टर आणि शाळेतल्या परिचारिकाही या कामात आल्या.

२००३-०४ या शालेय वर्षात इथल्या मुलांची तुलना तशाच दोन गावांतल्या मुलांशी केली गेली. सॉमरव्हिलच्या मुलांचं वजन सरासरी एक पौंडानं, म्हणजे अर्ध्या किलोपेक्षा जरा कमी इतक्या फरकानं, कमी वाढलं. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या एका अभ्यासात तर मुलांच्या पालकांचा बॉडी मास इंडेक्सही उतरल्याचं दिसलं.

अर्धा किलो म्हणजे किरकोळ, असं कुणालाही वाटेल. पण हा फरक एखाद्या जिद्दी मुलाचा नव्हता, गावातल्या शेकडो मुलांची ती सरासरी होती. वजन घटवणाऱ्या एका माणसाची गोष्ट वर्तमानपत्रात छापून येते. सार्वजनिक आरोग्य बदलतं ते अशा न दिसणाऱ्या सरासऱ्यांतून.

महाराष्ट्रात वजनाची चर्चा काही कमी होत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी सांगितल्याप्रमाणे दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, की ऋजुता दिवेकरांच्या सल्ल्यानुसार थोड्या थोड्या वेळानं घरचं, आपल्या मातीतलं खायचं, यावर घराघरांत वाद झाले. त्यातून लोक आपल्या ताटाकडे पाहू लागले, हा लाभ मोठा आहे. मात्र सगळा वाद एका माणसाच्या ताटापुरताच राहिला. ताट भरणारा बाजार, शाळेसमोरची टपरी, पदपथ नसलेला रस्ता आणि कुलूप लावलेलं मैदान यांना त्यात जागाच मिळाली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) आकडे पाहिले की प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते कळतं. १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रीय स्त्रियांपैकी २३.४ टक्के जाड किंवा स्थूल होत्या आणि २०.८ टक्के गरजेपेक्षा बारीक. पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानानं कमी होती. लठ्ठपणा आणि कुपोषण इथे शेजारी शेजारी नांदतात.

या दोन्हींमधला धागा पुण्यातच उलगडला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली बाळं यांची तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. वजनाला एवढी कमी असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती; घट झाली होती ती स्नायूंत आणि अवयवांत. म्हणजे कुपोषण आणि चरबी एकाच शरीरात नांदतात. म्हणून केवळ ‘कमी खा’ हा निरोप इथे अपुरा आणि प्रसंगी घातक आहे. गरोदर सुनेला डाळ, भाजी, अंडं, दूध पुरेसं मिळणं आणि तिच्या सासऱ्यानं चहातली साखर कमी करणं, दोन्ही एकाच आहारशिक्षणाचे धडे आहेत. ते घरोघर नेणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडीताई आपल्याकडे आधीपासून आहेत. त्यांच्यावर नोंदवह्यांचं ओझं वाढवण्यापेक्षा त्यांना या कामासाठी प्रशिक्षण, वेळ आणि मोबदला द्यायला हवा.

व्यायामाच्या बाबतीतही काट्याकडेच डोळे लावून बसण्यात नुकसान आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज अर्धा तास चालणं आणि आहारातले बदल यांमुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला, तोही वजनात लक्षणीय घट न होता. महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी.

पण चालायचं कुठे? दिवसभर राबणाऱ्या बाईला संध्याकाळी साडेसातला निर्धास्त फिरता येईल असा उजेडाचा रस्ता किती वस्त्यांत आहे? बागेत ओपन जिमची यंत्रं बसवून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी मोकळे पदपथ, चालू दिवे आणि शाळा सुटल्यावर वस्तीसाठी उघडी राहणारी मैदानं लागतात. बचत गटाच्या बैठकीआधी बायकांनी मिळून अर्धा तास चालायचं ठरवलं, तर एकटीला वाटणारा संकोचही उरत नाही.

शाळांसाठी नियमांची वानवा नाही. राज्य सरकारनं २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हद्दपार करण्याचा आदेश काढला. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी अतिरिक्त साखर, मीठ आणि चरबीच्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि भोवतीच्या ५० मीटरांत रोखली. सीबीएसईनं २०२५ मध्ये शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं. तीनशे मिलीलिटर कोलात साधारण तीस ग्रॅम साखर असते हे मुलाला फलकावर वाचता आलं, तर ते चांगलंच आहे. मात्र फाटकाबाहेर पाच रुपयांत चिप्सचं पाकीट मिळत असेल आणि पी.टी.चा तास गणिताला दिला जात असेल, तर फलक बिचारा काय करणार?

ॲमस्टरडॅम शहरात मुलांच्या वजनाची जबाबदारी पालिकेनंच अंगावर घेतली. शाळांत गोड पेयांऐवजी पाण्याचा आग्रह धरला, खेळाला आणि वेळेवर झोपेलाही महत्त्व दिलं. २०१२ ते २०१५ या काळात तिथल्या जाड आणि स्थूल मुलांचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १८.५ टक्क्यांवर आलं.

पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरच्या महापालिकेला याची सुरुवात एका प्रभागापासून करता येईल. त्या प्रभागातल्या सगळ्या शाळांतल्या मुलांची उंची आणि वजन जूनमध्ये मोजावं, पण कुणाचाही आकडा वर्गात वाचून दाखवू नये. ५० मीटरचा नियम खरोखर पाळला जावा, पी.टी.चा तास कुणी पळवू नये, शाळेच्या वाटेवरचे पदपथ मोकळे करावेत आणि पालकसभेत आशाताईंना बोलायला अर्धा तास मिळावा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मोजमाप घ्यावं, शेजारच्या प्रभागाशी तुलना करावी आणि जे काही हाती येईल ते नागरिकांपुढे ठेवावं. यासाठी लागणारी माणसं आणि कायदे आज हाताशी आहेत. महापालिकेनं येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.