लाड आवरा, घायपात जगवा

दोस्तांनो, इन्स्टावर सध्या ‘ॲगेव’ दिसतंय ना? पांढरी कुंडी, निळसर टोकदार पानं, शेजारी कॉफीचा मग. भारीच दिसतं. मग आपणही ऑनलाइन मागवतो, रोज कपभर पाणी घालतो, आणि महिन्याभरात पानं पिवळी, बूड मऊ, झाड खलास!

आता जरा मंद्रूपच्या आजोबांना तो फोटो दाखवा. ते म्हणतील, “अरे, ही तर घायपात!” घरी कन्नड बोलत असाल तर ‘कत्ताळे’ म्हणतील. जुन्या बांधांवर कुंपण म्हणून लावायचे, तेच हे झाड. मूळचं मेक्सिकोचं, पण आपल्या उन्हात पक्कं रुळलेलं.

मे महिन्यात पारा 42च्या वर गेला तरी ते टिकतं, कारण त्याची रीत वेगळी आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात. घायपात ती रात्री, गारव्यात उघडतं, कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं आणि दिवसा छिद्रं मिटून अन्न तयार करतं. त्यामुळे पाणी फार उडत नाही. जाड पानांतही पाण्याचा साठा असतोच. म्हणजे तहानेपेक्षा ते आपल्या लाडानेच जास्त मरतं.

म्हणून लावायचं तर असं लावा. बुडाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे नुसती तीच भरू नका. एक भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा मुरूम, थोडे विटांचे तुकडे. माती आतपर्यंत सुकली की मगच पाणी. उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन आठवड्यांनी. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली सरकवा. ऊन भरपूर हवं, पण सावलीत वाढलेलं रोप एकदम मेच्या उन्हात ठेवलं तर पानं भाजतात. हळूहळू सवय लावा.

रोप विकत घ्यायचीही गरज नाही. मोठ्या झाडाच्या बुडाशी पिल्लं फुटतात. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून वीतभर पिल्लू सुरीने काढा, दोन-तीन दिवस सावलीत जखम सुकू द्या, मग लावा. हातमोजे मात्र घालाच, कारण त्याच्या रसाने अंगाला खाज सुटते. घरात लहान मूल असेल तर पानांच्या टोकाचे काटे कापून टाका.

ही खाज पूर्वी कुणी सोसली, तेही माहीत असू द्या. घायपाताची पानं पाण्यात कुजवून, बडवून, धुऊन वाख काढायचा आणि त्याचे दावं, कासरा, दोरखंड वळायचे. बलुतेदारीत हे काम प्रामुख्याने मातंग समाजाच्या वाट्याला आलं. गावचे बैल, मोटा त्या दोरांवर चालल्या, पण वळणाऱ्या हातांना मान मिळाला नाही. पुढे नायलॉन आलं, वाखाचं काम मागे पडलं आणि बांधही साफ होत गेले. आज तेच झाड इंग्रजी नावाने शोभेचं झालंय.

कुंडी सजवायला आमची ना नाही. उलट जरूर सजवा! फक्त गावात वाख वळणारं कुणी म्हातारं माणूस असेल, तर एक रविवार त्यांच्याजवळ बसा. दोर कसा वळतात ते विचारा, त्यांची हरकत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. घायपात वर्षानुवर्षं थांबून एकदाच फुलतं आणि मग वाळतं. पण जाताना पिल्लं ठेवून जातं. दोर वळायची विद्या मात्र कुणी शिकून घेतली नाही, तर त्या माणसाबरोबरच संपेल.