ऑपरेशनला जाताना लाज कुठे ठेवायची?

पुण्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वय ४६. तीन वर्षे पाळीला फार अंगावर जाते, रक्त कमी झाले आहे, औषधे करून झाली आणि आता डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली आहे. ऑपरेशनची भीती वाटत नाही म्हणतात. पुढचे वाक्य मात्र खोडून खोडून लिहिले आहे : ‘‘ताई, भूल दिल्यावर आपल्या अंगावर काय असतं, खोलीत कोण कोण असतं, हे विचारू कुणाला? मिस्टरांना विचारलं तर ते हसले. डॉक्टरांसमोर तर तोंडच उघडत नाही.’’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. याच संकोचापायी कित्येक बायका अंग बाहेर येते ही गोष्ट वर्षानुवर्षे कुणाला सांगत नाहीत. पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला तर ‘उष्णतेचं असेल’ म्हणून गप्प बसतात. खरे तर पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले तरी ताबडतोब तपासून घ्यायला हवे, कारण कधी कधी ती गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण असते. तेव्हा माझे म्हणणे एवढेच : लाज वाटणे हा काही दोष नव्हे. पण ती सांभाळायची असेल तर आधी बोलावे लागते. टेबलावर गेल्यावर बोलायला आपण शुद्धीवर नसतो!

सही करण्यापूर्वी

गर्भपिशवी तीन वाटांनी काढतात : पोटावर छेद घेऊन, दुर्बिणीतून किंवा खालून, म्हणजे योनिमार्गाने. आपली कशी काढणार, ते विचारा. नुसती पिशवी काढणार की अंडाशयही, हेही विचारा. अंडाशय राहिले तर पाळी थांबते, पण अंगातले हार्मोन चालू राहतात. दोन्ही अंडाशय काढले तर घाम, गरम वाफा आणि हाडांचा ठिसूळपणा हे सारे लवकर मागे लागू शकते. आणि पिशवी न काढता गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने भागेल का, हा प्रश्न तर अवश्य विचारा. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या किती तरी बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचले. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यात पहिल्यांचा अपमान नसतो.

सही तुमची स्वतःची हवी. दिल्लीच्या एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जिवावर बेतलेले नसेल, तर सज्ञान स्त्री शुद्धीवर येईपर्यंत थांबले पाहिजे, तिच्या वतीने दुसऱ्या कुणाची संमती चालणार नाही, असा निकाल २००८ साली लागला. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. ‘‘अहो, इथे करा सही,’’ म्हटले की लगेच पेन उचलायचे नाही, बरं का!

खोलीत कोण असते?

ऑपरेशन करणारे डॉक्टर, त्यांचे मदतनीस, भूल देणारे डॉक्टर, दोन-तीन सिस्टर आणि मावशी किंवा वॉर्डबॉय, एवढी माणसे साधारण असतातच. स्त्री डॉक्टर हवी असेल तर ते पहिल्या भेटीतच सांगा. पण भूलतज्ज्ञ आणि मदतनीस सगळ्या बायकाच मिळतील याची खात्री सगळीकडे देता येत नाही. तरी एक मागणी अगदी रास्त आहे : ‘‘मला टेबलावर घेताना, लघवीची नळी घालताना एक सिस्टर जवळ असू द्या.’’ पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणे हा तर तुमचा हक्कच आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे.

मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात शिकणारे विद्यार्थीही असतात. त्यांना शिकायला तर हवेच. पण आपण भुलीत असताना ते आतून तपासणी करणार आहेत का, हे आधी विचारावे. चालणार नसेल तर स्पष्ट ‘नको’ म्हणावे आणि तसे संमतीच्या कागदावर लिहून घ्यावे.

लग्न न झालेल्या मुलींनी ते आधी सांगावे. पुष्कळदा पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने काम भागते. आणि पूर्वीचा गर्भपात, शारीरिक संबंध, असे काही घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर ‘‘मला दोन मिनिटं एकटीला बोलायचं आहे,’’ असे डॉक्टरांना म्हणावे. सासूबाई बाहेर बसल्या म्हणून काही बिघडत नाही.

त्या दिवशी

घरी ब्लेडने केस काढू नका. बारीक जखमा होतात आणि त्यांतून जंतू शिरतात. गरज असली तर इस्पितळातच मशीनने कापतात. ते काम सिस्टरने करावे असे सांगता येते. जेवण सहसा किमान सहा तास आधी बंद असते. साधे पाणी केव्हापर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतील. दुधाचा चहा मात्र पाण्यात धरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, नथ काढायला सांगतात. पुष्कळ जणींना अंगावरचे कपडे उतरवण्यापेक्षा हेच जड जाते. गळा रिकामा करायचा म्हणजे डोळ्यांत पाणी येते. पण रक्त थांबवायला विजेचे उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूमुळे भाजण्याचा संभव असतो. शिवाय हाताला सूज आली तर बांगडी रुतते. यात अशुभ काही नाही. आदल्या रात्री घरीच शांतपणे काढून, रुमालात बांधून, लेकीजवळ किंवा यजमानांजवळ द्यावे. ऐन वेळी स्ट्रेचरवर ओढाताण नको.

मग पाठीमागे बांधायचा गाऊन देतात. आत काही नसते. वरून चादर मागून घ्या. थिएटर थंडगार असते, तेव्हा चादर मागणे कुणाला वावगे वाटत नाही. भूल कमरेतून देणार असतील तर बसवून किंवा कुशीवर वळवून पाठ वाकवायला सांगतात. त्या वेळी गाऊन मागून उघडावा लागतो आणि कुणी तरी समोरून खांदे धरते. तिथे सिस्टर असावी असे सांगून ठेवा. कमरेखालचे अंग बधिर होते, पण बोलणे ऐकू येते. मन घाबरत असेल तर झोपेचे औषधही देतात. लघवीची नळी बहुधा भूल चढल्यावरच घालतात. खालून ऑपरेशन असेल तर पाय आधारावर उंच ठेवतात. ऐकायला अवघड वाटते खरे, पण तोवर बहुधा बधिरता आलेली असते. मग तपकिरी औषधाने अंग पुसून निर्जंतुक कापडे घालतात, ती अशी की जिथे काम करायचे तेवढाच भाग उघडा राहतो. बाकी आपण पूर्ण झाकलेल्या असतो.

शुद्धीवर आल्यावर

लघवीची नळी आणि कॉटला लटकणारी पिशवी बहुधा दुसऱ्या दिवशीपर्यंत असते. खाली पॅड असतो. क्वचित आत कापडाची पट्टी ठेवलेली असते, ती नंतर काढतात. आपल्याकडे खरा संकोच होतो तो इथे! ऑपरेशन झाले की अर्धे गाव भेटायला येते, आणि दीर-भाऊजींच्या नजरेसमोर ती पिशवी लोंबत असते. त्यावर चादर ओढून घ्यायला सांगा. ड्रेसिंगच्या वेळी पडदा मागा. आणि ‘दोन दिवस कुणी येऊ नका’ हा निरोप यजमानांनीच द्यावा. त्यांना हे काम नेमून द्या, म्हणजे हसायला सवड राहणार नाही.

घरी आल्यावर साधारण सहा आठवडे पाण्याची कळशी, गहू-ज्वारीचा डबा उचलू नये. पती-पत्नीसंबंधही डॉक्टर परवानगी देईपर्यंत नकोत. हा प्रश्न डॉक्टरांनाच विचारावा, त्यांना तो रोजचा आहे. पिशवी गेली म्हणून बाईपण जात नाही. थोडा डाग काही दिवस दिसतो. पण ताप, दुर्गंधी, पॅड भिजेल असा रक्तस्राव, लघवी अडणे किंवा सारखी गळणे, एका पोटरीला सूज आणि दुखणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले तर तासभरही थांबू नका. तिथेही लाजून ‘उद्या बघू’ म्हणू नका.

विचारायचे प्रश्न घरीच एका चिठ्ठीवर लिहावेत. तोंड उघडत नसेल तर चिठ्ठी डॉक्टरांपुढे सरकवावी, एवढे तर जमेल ना?

आणि बऱ्या झालात की हे सारे जावेला, बहिणीला, लेकीला सांगा. बाळंतपणाच्या कथा आपण चारचौघींत रंगवून सांगतो. पिशवीच्या ऑपरेशनची कथा मात्र ‘‘झालं बाई एकदाचं,’’ एवढ्यावर संपते, आणि पुढची बाई पुन्हा तितकीच अंधारात त्या टेबलावर चढते.