पत्ता सांगा, शाळा कळेल

मुलगा-सून अमेरिकेला गेले की इकडे आजी-आजोबांना पहिली काळजी नातवंडांच्या शाळेची. डोनेशन किती, मुलाखत कोणाची, बोर्ड कोणतं? तिकडच्या सरकारी शाळेत यातलं काहीच नसतं. ती मुख्यतः लसींचा दाखला आणि घराचा पत्ता पाहते. भाडेकरार नि विजेचं बिल दाखवलं की प्रवेश झाला. बारावीपर्यंत फी नाही. व्हिसाचे कागदही आड येत नाहीत. तसा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच दिला आहे.

ऐकणारा हरखून जातो. पण माझी हयात बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेली, त्यामुळे ‘फुकट’ या शब्दावर माझा विश्वास नाही. तिथली फी घरात दडलेली असते. शाळांच्या खर्चाचा मोठा भाग त्या त्या भागातल्या घरपट्टीतून येतो. केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्के. साहजिकच जिथं शाळा चांगली तिथं घर महाग, आणि घर महाग म्हणून शाळेकडे पैसा. भाडेकरूही ही फी भरतोच, भाड्यातून. हा अन्याय आहे म्हणून टेक्सासमधले गरीब पालक न्यायालयात गेले होते. १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी हरले. राज्यं आता थोडीफार भरपाई करतात, पण दरी बुजलेली नाही.

आम्हा कुहीकरांना याचं नवल वाटू नये. पोरांच्या शाळेसाठी नागपुरात खोली करणारे इथंही आहेतच.

फरक पुढे आहे. तिथलं शाळामंडळ बहुतेक ठिकाणी मतदार निवडतात. आपली व्हिसावरची मंडळी कर भरतात, मत देऊ शकत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट एकविसाव्या वाढदिवसाची. कायद्यातली थोडी सवलत सोडली, तर त्या दिवसानंतर मूल आईबापांच्या व्हिसावर राहू शकत नाही. भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग तर वर्षानुवर्षांची. बालवाडीपासून तिथं शिकलेल्या पोरीला कॉलेजात परदेशी विद्यार्थिनी म्हणून व्हिसा मागावा लागतो. तिची मैत्रीण शेजारच्याच घरातली, तिला असलं काही नाही.

म्हणून शाळेपायी मोठं कर्ज काढून घर घेणाऱ्यांनी हप्त्यांबरोबर हाही हिशेब मांडावा, असं माझं मत आहे. परतायचं मनात असेल तर मुलांचं देवनागरी वाचन सुटू देऊ नये. तिथली अनेक महाराष्ट्र मंडळं मराठी शाळा चालवतात. आणि आजोबांनी फोनवर नातवाचे गुण विचारण्याआधी मुलाला विचारावं, ग्रीन कार्डाचा अर्ज कोणत्या साली केलास?