लहरी माजघरापर्यंत पोहोचू द्या

दूरदर्शनवर १९८७-८८ साली ‘रामायण’ सुरू होतं, तेव्हा रविवारी सकाळी आपल्या पेठापेठांतून एकच संवाद ऐकू यायचा. कौलावर चढलेला विचारायचा, “आलं का?” आणि खालून उत्तर यायचं, “आलं, आलं... गेलं!” अँटेनाची दिशा बदलली की चित्र बदलतं, हे तेव्हा शाळकरी पोरालाही ठाऊक होतं. आज तीच मंडळी वायफाय चालत नाही म्हणून जास्त वेगाची महाग योजना घेतात; पण राऊटरची पेटी जागची हलवून पाहत नाहीत. मला याचं नवल वाटतं.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडे अदृश्य लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहरी भिंतीतून जातात, हे खरं. पण प्रत्येक भिंत आपला वाटा काढून घेते. शिवाजी पेठेतल्या जुन्या घराची हातभर जाडीची दगडमातीची भिंत तर फारच मोठा घेते. राजारामपुरीतल्या नव्या सदनिकेत ते काम स्लॅबमधली लोखंडी सळई करते. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. त्या भिंती बऱ्यापैकी ओलांडतात. ५ गिगाहर्ट्झच्या सुमारे सहा सेंटिमीटरच्या. त्या वेगवान, पण दोन भिंतींत दमणाऱ्या.

आता पेटी कुठे असते ते पाहा. वायर जिथून घरात शिरली तिथेच, म्हणजे सोप्यात, टीव्हीच्या मागे, नाहीतर लोखंडी कपाटावर. धातू आणि आरसा लहरी परतवतात, पाण्याची टाकी आणि माशांची पेटी त्या शोषून घेतात आणि मायक्रोवेव्ह भट्टी २.४ च्याच पट्ट्यात गोंगाट करते. उपाय साधा आहे. लांब केबल घ्यावी आणि राऊटर घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळा ठेवावा. वीतभर सरकवला तरी कधी कधी फरक पडतो.

अँटेनाचंही तसंच. मेदूवड्याच्या भोकात काठी उभी करावी, तशा उभ्या अँटेनाभोवती लहरी पसरतात. टोकाच्या दिशेला फार थोड्या. म्हणून एकाच मजल्यावर राहणाऱ्यांनी अँटेना सरळ उभ्या ठेवाव्यात. माडीवरही हवं असेल, तर दोनपैकी एक आडवी करून पाहावी.

यात गुंतलंय काय, ते २०२० सालच्या टाळेबंदीत दिसलं. शाळा मोबाइलवर आली आणि ज्या पोरांची अभ्यासाची जागा मागच्या खोलीत होती, ती दाराच्या उंबऱ्यावर किंवा जिन्यात बसून तास ऐकू लागली. सोप्यात बातम्या मात्र न अडखळता चालू होत्या. घरात स्वयंपाकघर, माजघर, आजीची खोली या जागा नेहमी शेवटी आठवतात. नळ, दिवा, पंखा तिथे उशिरा पोहोचले. वायफायच्या बाबतीत ती चूक सुधारायला खर्च फक्त काही हात केबलचा आहे.

तेव्हा आज दुपारी जेवणं झाल्यावर मोबाइल हातात घेऊन घरभर फिरा आणि सिग्नल कुठे तुटतो ते पाहा. त्या जागी रोज कोण बसतं, तेही पाहा. पेटी कुठे ठेवायची, ते आपोआप कळेल.