डेथ मेटल, मेड इन मुंबई

बॉसचा आवाज डोक्यात घुमतोय? मग त्याहून मोठा आवाज लावा! डेथ मेटलसाठी फ्लोरिडा-स्वीडनच कशाला, मुंबई आहे ना. सुरुवात डेमॉनिक रिझरेक्शनच्या ‘दशावतार’ (२०१७) अल्बमने करा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं. गुरगुराटातही चाल सापडते. कान तयार झाले की गटस्लिटचा ‘अ‍ॅम्प्युथिएटर’ (२०१७). इथे दयामाया नाही! भयानक मौतच्या तर नावातच सगळं आलं. त्यांचा ‘मॅन’ (२०१४) चुकवू नका.

अंजनगाव सुर्जीहून मुंबईचा गिग गाठायचा म्हणजे अख्खी रात्र प्रवासात. दरवेळी कुठे जमतं? आणि नुसत्या स्ट्रीमिंगमधून बँडच्या हाती चिल्लरच पडते. तेव्हा आवडलेला अल्बम नाहीतर टी-शर्ट विकत घ्या. गावात बसूनही बँड जगवता येतो.